रक्तपरीक्षेची परीक्षा

दवाखान्यांतून घरीं आलेला रक्तपरीक्षेचा कागद आपण सारे मोठ्या आदरानें वाचतों. डावीकडे पदार्थाचें नांव, मध्यें एक आंकडा आणि उजवीकडे निरोगी माणसाची म्हणून छापलेली मर्यादा. आंकडा मर्यादेच्या आंत असला कीं घरांतील मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. बाहेर असला कीं रात्रीची झोप उडते. हा आंकडा कोणत्या पद्धतीनें काढला, ती पद्धत कितपत विश्वासार्ह, तिची स्वतःची परीक्षा कोणीं केली होती कीं नाहीं, हे प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहींत. सोनाराच्या तराजूविषयीं आपण जितकी चौकशी करतों, तितकीहि या तराजूविषयीं करीत नाहीं.

याच तराजूचा इतिहास आज मला थोडक्यांत सांगावयाचा आहे. शरीरांतील घडामोडी मोजण्याच्या रीती इतक्या झाल्या आहेत कीं त्या सर्वांचा वृत्तांत एका भाषणांत मावणार नाहीं. म्हणून एकच धागा हातीं धरतों : एक प्रकारचा पांडुरोग, त्याच्या मुळाशीं असलेलीं दोन जीवनसत्त्वें आणि त्यांची उणीव ओळखण्याच्या कसोट्या. हा धागा मुंबईंतील गिरणी कामगार स्त्रियांपासून सुरू होतो, परदेशांतील प्रयोगशाळांतून फिरतो आणि पुणें शहर व त्याच्या आसपासच्या खेड्यांत परत येतो. तेथून तो विदर्भांतील एखाद्या खेड्यापर्यंत नेला, तर या शास्त्राची खरी कसोटी कोठें लागते, हेंहि आपल्याला दिसून येईल.

आरंभीं एका शब्दाचा खुलासा करतों. खाल्लेल्या अन्नापैकीं कांहीं मोडलें जातें, कांहीं नव्यानें बांधलें जातें, उरलेलें बाहेर टाकलें जातें. या अखंड व्यवहारास चयापचय म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाहीं. पण त्याची नोंद रक्तांत आणि लघवींत उमटत असते. आपल्या प्राचीन वैद्यांना हें ठाऊक होतें. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धांवतात, हें मधुमेहाचें लक्षण त्यांनीं नोंदून ठेविलें होतें. मुंगी हें चयापचय तपासण्याचें एक आद्य साधन होतें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें १७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्यानें अशी लघवी आटवून तींत साखरेसारखा पदार्थ उरतो, हें दाखविलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेनेडिक्ट याचें निळें द्रावण आलें. त्यांत लघवीचे थेंब टाकून उकळलें कीं साखरेच्या प्रमाणांत तें हिरवें, पिवळें आणि अखेर विटेसारखें तांबडें होई. जुन्या पिढींतील मधुमेही घरांत ही परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा हमखास असे.

परंतु या सोप्या परीक्षेंत एक गोम होती. द्रावणाला आपण विचारीत होतों, ‘ग्लुकोज आहे काय?’ द्रावण उत्तर देत होतें, ‘तांब्याच्या क्षाराचें क्षपण करणारें कांहींतरी आहे.’ हें कांहींतरी ग्लुकोजच असेल असें नाहीं. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या लघवींत दुधांतील साखर उतरते, तीहि द्रावणाचा रंग पालटविते. पेंटोज जातीची साखर लघवींतून जाण्याचा एक निरुपद्रवी जन्मजात विकार आहे. अशा माणसांना मधुमेही समजून उपचार केल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या इतिहासांत आहेत. परीक्षा खोटें बोलत नव्हती. विचारलेला प्रश्न आणि मिळालेलें उत्तर यांत अंतर होतें, इतकेंच. पुढील सारा इतिहास हें अंतर कमी करण्याच्या खटपटीचा आहे.

आतां मुंबईकडे वळूं. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. येथील कष्टकरी स्त्रियांना गरोदरपणांत एक घातक पांडुरोग होत असे. रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत. हाफकीन संस्थेंत राहून विल्स यांनीं या रोगाचा माग काढण्यास प्रारंभ केला. अशाच स्वरूपाचा एक पांडुरोग पाश्चात्य देशांत होता, आणि रोग्यास यकृत खावयास दिलें कीं तो हटतो, हें अमेरिकेंत मायनट व मर्फी यांनीं १९२६ सालीं सिद्ध केलें होतें. विल्स यांनीं आपल्या रुग्ण स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली, प्राण्यांवर प्रयोग केले आणि अखेर यीस्टचा अर्क देऊन पाहिला. बाजारांत मार्माइट या नांवानें मिळणारा हा स्वस्त पदार्थ गुणकारी ठरला. १९३१ सालीं त्यांनीं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाश्चात्य पांडुरोगावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क मात्र या रोगावर चालत नाहीं, हेंहि पुढें त्यांनीं दाखवून दिलें. याचा अर्थ उघड होता : रक्त एकाच तऱ्हेनें बिघडलेलें दिसलें, तरी उणीव दोन निरनिराळ्या द्रव्यांची असूं शकते.

विल्स यांच्यापाशीं तें अज्ञात द्रव्य मोजण्याचें कोणतेंहि यंत्र नव्हतें. मग त्या मोजीत काय होत्या? औषध सुरू केल्यानंतर रक्तांत नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी किती झपाट्यानें वाढतात, हें त्या मोजीत. म्हणजे रुग्ण स्त्री स्वतःच मापनाचें साधन होती. ही कसोटी एका दृष्टीनें सर्वांत सच्ची, कारण जें साधावयाचें तेंच ती मोजते. पण ती मंद आहे, प्रत्येक मापास एक आजारी जीव मागते, आणि रोग बळावल्यावांचून बोलत नाहीं. रोग होण्यापूर्वीं उणीव ओळखावयाची, तर दुसरा मार्ग शोधणें प्राप्त होतें.

१९४१ सालीं पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. मुंबईच्या स्त्रियांना बरें करणारें यीस्टमधील द्रव्य याच कुळांतलें होतें. दुसरें द्रव्य, म्हणजे यकृतांतलें, १९४८ सालीं अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत स्वतंत्रपणें लाल स्फटिकांच्या रूपानें हातीं आलें. तेंच बी-१२ जीवनसत्त्व. त्याची गुंतागुंतीची घडण डोरोथी हॉजकिन यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें उलगडली आणि १९६४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

या दोन जीवनसत्त्वांच्या नात्यांत एक मोठा धोका दडलेला होता. बी-१२ ची उणीव असलेल्या रोग्यास फॉलिक आम्ल दिलें, तर त्याचें रक्त सुधारतें, हिमोग्लोबिन वाढतें, चेहऱ्यावर तजेला येतो. परंतु मज्जातंतूंची झीज आंतल्या आंत चालूच राहते, किंबहुना उघडकीस न आल्यामुळें बळावते. १९४५ नंतर फॉलिक आम्ल औषध म्हणून हातीं आलें, तेव्हां थोड्याच वर्षांत डॉक्टरांना हा अनुभव आला. केवळ रक्ताचा रंग पाहून समाधान मानणाऱ्या परीक्षेनें येथें रोग्याचा घात केला असता. तेव्हां बी-१२ स्वतंत्रपणें मोजणें ही निकडीची गरज झाली.

पण मोजावयाचें कसें? रक्तांत या द्रव्याचें प्रमाण इतकें अल्प, कीं त्या काळच्या रसायनशास्त्राच्या तराजूंत तें भरेना. यावर एक चतुर युक्ति निघाली. दहीं विरजणाऱ्या जंतूंच्याच कुळांतील कांहीं जंतूंना वाढीसाठीं बी-१२ लागतें. मेरी शॉर्ब या अमेरिकन संशोधिकेनें या गुणाचा उपयोग करून घेतला होता, आणि तें जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत मिळविण्याच्या कामींहि तिची ही कसोटी उपयोगी पडली. बाकीचें सर्व अन्न दिलें आणि बी-१२ तेवढें वगळलें, तर जंतु वाढत नाहींत. त्यांत रोग्याच्या रक्ताचा अंश घातला कीं त्यांतील बी-१२ च्या मानानें ते वाढतात आणि नळींतील द्रव गढूळ होतो. गढूळपणा मोजला कीं जीवनसत्त्व मोजलें गेलें. ही पद्धत पुष्कळ वर्षें उत्तम चालली. तिचा दोष एवढाच, कीं रोगी जंतुनाशक औषध घेत असला तर तें औषध नळींतील जंतूंनाहि मारतें. मग द्रव स्वच्छ राहतो आणि नसलेली उणीव दिसूं लागते.

त्यानंतर किरणोत्सर्गी द्रव्यांचें युग आलें. नवी पद्धत समजण्यास एक दृष्टांत पुरे होईल. एखाद्या पंगतींत मोजकेच पाट मांडले आहेत. खुणेचे पाहुणे किती बोलाविले, हें आपल्याला ठाऊक आहे. बिनखुणेचे पाहुणे जितके अधिक येतील, तितके खुणेच्या पाहुण्यांना पाट कमी मिळतील. खुणेचे किती बसले हें मोजलें, कीं बिनखुणेचे किती आले याचा हिशेब लागतो. येथें पाट म्हणजे बी-१२ ला धरून ठेवणारें एक प्रथिन, खुणेचे पाहुणे म्हणजे किरणोत्सर्गी बी-१२ आणि बिनखुणेचे म्हणजे रोग्याच्या रक्तांतील बी-१२. ही रीत जलद होती, सुटसुटीत होती, आणि तीच तीच तपासणी पुन्हां केली तरी आंकडे एकसारखे येत. प्रयोगशाळांनीं ती आनंदानें स्वीकारली.

१९७८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं या पद्धतीचें पितळ उघडें पाडलें. पाट म्हणून जें प्रथिन वापरीत, तें पाहुण्यांची पारख करीत नव्हतें. मनुष्याच्या रक्तांत बी-१२ सारखीं दिसणारीं, पण शरीराच्या उपयोगीं न पडणारीं द्रव्येंहि असतात. तींहि या पाटांवर बसत. त्यामुळें खऱ्या बी-१२ ची तीव्र उणीव असलेल्या कित्येक रोग्यांचे आंकडे निरोगी मर्यादेंत येत होते. उपाय म्हणून जठरांतील एक वेगळें, निवडक प्रथिन शुद्ध करून वापरण्यांत आलें. हें प्रथिन खऱ्या बी-१२ वांचून दुसऱ्यास सहसा जवळ करीत नाहीं. या प्रकरणाचा धडा मोठा आहे. चुकीचें उत्तर शंभर वेळां सारखेंच आलें, म्हणून तें बरोबर ठरत नाहीं. एकसारखेपणा हा एक गुण, अचूकपणा हा दुसरा. आणि पहिल्याच्या भरंवशावर दुसरा गृहीत धरणें यासारखी फसगत नाहीं.

येथून विचाराला एक नवीन वळण मिळालें. द्रव्य किती आहे, हें मोजण्याऐवजीं तें आपलें काम करीत आहे कीं नाहीं, हें कां पाहूं नये? शरीरांत बी-१२ चीं मुख्य कामें दोन. एका ठिकाणीं तें मेथिलमॅलोनिक आम्लाच्या वाटेवरचें रूपांतर घडवून आणण्यास हातभार लावतें. दुसऱ्या ठिकाणीं फॉलिक आम्लाच्या सहकार्यानें होमोसिस्टीन या द्रव्याचें मेथिओनीन बनवितें. कालव्याचें दार अडलें कीं वरच्या बाजूस पाणी तुंबतें, तसें बी-१२ कमी पडलें कीं हीं दोन द्रव्यें रक्तांत सांचतात. लघवींतील मेथिलमॅलोनिक आम्ल वाढणें हें बी-१२ च्या उणिवेचें गमक आहे, हें १९६२ सालींच दाखविण्यांत आलें होतें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत हीं दोन्ही द्रव्यें रक्तांत नेमकेपणानें मोजण्याची सोय झाली.

ही सोय दोन यंत्रांच्या जोडीनें केली. पहिलें यंत्र मिश्रणाला एका लांबलचक बारीक नळींतून धांवावयास लावतें. प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीनें पुढें सरकून वेगळें बाहेर पडतें. दुसरें यंत्र बाहेर पडलेल्या रेणूंचे तुकडे करून त्या तुकड्यांचें वजन करतें. पण रक्तापासून यंत्रापर्यंतच्या वाटेंत कांहीं द्रव्य सांडतें, कांहीं नासतें. त्याचा हिशेब कसा ठेवावयाचा? यासाठीं मोजावयाच्या द्रव्याचा एक जड जुळा भाऊ तयार करतात. रासायनिक वागणूक जवळजवळ तीच, वजन तेवढें थोडें अधिक. तो आरंभींच ठराविक प्रमाणांत रक्तांत मिसळतात. गव्हाच्या पोत्यांत शंभर रंगीत दाणे नीट कालवून ठेवावे आणि वाटेंत पोतें कितीहि गळलें तरी उरलेल्या गव्हांतील रंगीत दाण्यांच्या प्रमाणावरून मूळचा गहूं काढावा, तसाच हा हिशेब आहे. सांडलवंड झाली तरी दोघांची सारखीच होते. प्रमाण ढळत नाहीं.

याच सुमारास आणखी एक महत्त्वाकांक्षा शास्त्रज्ञांच्या मनांत मूळ धरीत होती. एकेक द्रव्य मोजण्यापेक्षां शेंकडों द्रव्यें एकदम मोजून मनुष्याच्या चयापचयाचें संपूर्ण चित्रच कां काढूं नये? १९७१ सालीं लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं श्वासांत सुमारें २५० आणि लघवीच्या वाफेंत सुमारें २८० पदार्थ वेगळे दाखविले. त्याच वर्षीं हॉर्निंग दांपत्यानें अशा चित्राला चयापचयाचा आलेख या अर्थाचें नांव रूढ केलें. आज एका थेंबापासून हजारों खुणा टिपणारीं यंत्रें आहेत. पण एका जीवनसत्त्वाच्या मापनांत इतक्या खांचखळग्या, तर हजार द्रव्यांच्या चित्रांत त्या किती असतील, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

आतां आपला धागा महाराष्ट्रांत परत येतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं नॉर्वेंतील संशोधकांच्या सहकार्यानें पुण्यांतील २०४ स्त्रीपुरुषांच्या रक्ताची तपासणी केली. तिचा वृत्तांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. रक्तांतील एकूण बी-१२ पाहिलें, तर ४७ टक्के लोकांत तें ठरलेल्या मर्यादेखालीं होतें. पेशींपर्यंत प्रत्यक्ष पोंचविलें जाणारें बी-१२ एका विशिष्ट प्रथिनाला जोडलेलें असतें. तेवढेंच पाहिलें, तर ७३ टक्के लोकांत तें कमी होतें. मेथिलमॅलोनिक आम्ल ७३ टक्के लोकांत आणि होमोसिस्टीन ७७ टक्के लोकांत वाढलेलें आढळलें. फॉलिक आम्लाची उणीव मात्र क्वचितच दिसली. माणसें तींच, रक्त तेंच. पण एका कसोटीनें निम्म्याहून कमी, तर दुसऱ्या कसोट्यांनीं जवळजवळ तीन चतुर्थांश लोक उणिवेच्या यादींत येतात. शाकाहारी मंडळींत उणिवेचें प्रमाण अधिक होतें. तथापि मांसाहारी म्हणविणारेहि त्यांतून सुटले नव्हते.

याच गटानें १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांचीं अपत्यें यांचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास हातीं घेतला होता. त्या मातांचें रक्त गोठवून जपून ठेविलें होतें, म्हणून पुढें त्याला नवे प्रश्न विचारतां आले. २००८ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी, ९० टक्के मातांत मेथिलमॅलोनिक आम्ल अधिक, पण होमोसिस्टीन वाढलेल्या माता केवळ ३० टक्के, आणि फॉलिक आम्लाची उणीव असलेली माता अवघी एक. तीन कसोट्या, तीन उत्तरें. यांतील खरें कोणतें?

प्रामाणिक उत्तर असें कीं तिन्ही खरीं, कारण तिघींचे प्रश्न वेगळे आहेत. पहिली विचारते, कोठारांत धान्य किती? दुसरी विचारते, चुलीवर भात शिजतो आहे काय? तिसरीहि चुलीचीच चौकशी करते. पण त्या चुलीवर फॉलिक आम्लाचाहि अधिकार चालतो, आणि गरोदरपणांत होमोसिस्टीन स्वभावतःच उतरतें. म्हणून तेथें मर्यादाहि वेगळी धरावी लागते. मेथिलमॅलोनिक आम्लहि अगदीं निर्दोष साक्षीदार नव्हे. मूत्रपिंडें मंद झालीं तर तेंहि रक्तांत सांचतें. कोणतीहि एकच कसोटी हातीं धरून निकाल देणारा न्यायाधीश एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवणाऱ्यासारखा असतो.

येथवर आपण यंत्रांचा विचार केला. पण परीक्षेची सुरुवात यंत्रापाशीं होत नाहीं. ती सुईपाशीं होते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत किन्हीराजा नांवाचें गांव आहे. हा जिल्हा १९९८ सालीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला. तूर, सोयाबीन, ज्वारी यांचा हा मुलूख. उदाहरणादाखल असें समजूं कीं अशा गांवांतील एका गरोदर सुनेचें रक्त एप्रिल महिन्यांत सकाळीं काढलें. विदर्भांतील तो उन्हाळा. पारा चाळिसाच्या वर जातो. कुपी तशीच ठेविली, दुपारच्या मोटारीनें जिल्ह्याच्या गांवीं गेली आणि संध्याकाळीं तेथें रक्तांतील पेशी व द्रवभाग वेगळे केले. दरम्यान काय झालें असेल? काढलेल्या रक्तांतील पेशी जिवंतच असतात आणि त्या होमोसिस्टीन बाहेर टाकीत राहतात. साध्या खोलींतहि रक्त तसेंच ठेविलें, तर हा आंकडा दर तासाला सुमारें दहा टक्क्यांनीं चढत जातो. म्हणजे संध्याकाळपर्यंत निरोगी बाईहि कागदावर रोगी ठरूं शकते. जगांतलें उत्तमांतलें उत्तम यंत्र असलें, तरी तें कुपींत जें आहे तेंच मोजील. सकाळीं नसेंत जें होतें तें मोजणार नाहीं. मेथिलमॅलोनिक आम्ल या बाबतींत पुष्कळच टिकाऊ आहे. बर्फाची पेटी वेळेवर हजर असेल, पेशी तत्काळ वेगळ्या होत असतील, तर होमोसिस्टीनवर विश्वास ठेवावा. नसेल, तर दुसरी कसोटी निवडावी. म्हणून कोणती पद्धत श्रेष्ठ, या प्रश्नाचें उत्तर बर्गेनसाठीं एक आणि किन्हीराजासाठीं दुसरें असूं शकतें. पद्धतीची योग्यता ती जेथें वापरावयाची त्या गांवाच्या रस्त्यांवर, विजेवर आणि उन्हावरहि अवलंबून असते.

मग पद्धतीची परीक्षा घ्यावयाची कशी? इतक्या वर्षांच्या अनुभवांतून कांहीं नियम ठरून गेले आहेत, आणि ते समजण्यास शास्त्रज्ञ असण्याची गरज नाहीं. पहिला नियम : रिकाम्या कुपीची तपासणी करावी, जेथें कांहींच नाहीं तेथें यंत्रास कांहीं दिसलें, तर दोष यंत्राचा किंवा भांड्यांचा. दुसरा : माहीत असलेली भर घालून ती तितकीच परत मिळते कीं नाहीं, हें पाहावें. तिसरा : सर्व नमुन्यांतून थोडें थोडें घेऊन एक मिश्र नमुना करावा आणि ठराविक अंतरानें तोच पुन्हां पुन्हां यंत्रांत घालावा, त्याचा आंकडा सरकूं लागला, कीं यंत्र थकलें किंवा मळलें असें समजावें. चौथा : रोगी व निरोगी यांचे नमुने सरमिसळ करून तपासावे, सकाळीं सगळे रोगी आणि दुपारीं सगळे निरोगी तपासले, तर रोगाचा फरक कोणता आणि यंत्राचा कोणता, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. पांचवा : तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडे, शक्य तर दुसऱ्या पद्धतीनें, तपासावयास द्यावा. या शेवटच्या कामासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थेनें शंभर व्यक्तींच्या रक्तांतील द्रवभाग एकत्र करून एक प्रमाण नमुना सिद्ध केला आहे. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा आपलीं मापें त्याच्याशीं ताडून पाहूं शकतात. बाजारांतील वजनांवर सरकारी छाप असते, त्यांतलाच हा प्रकार.

याशिवाय एक प्रश्न उरतो, तो मर्यादेचा. कागदाच्या उजव्या बाजूस छापलेली रेषा कोणत्या लोकांच्या रक्तावरून आंखलेली आहे? ज्या समाजांत मांस, अंडीं व दूध रोजच्या जेवणांत आहेत, त्यांच्यावरून आंखलेली रेषा भाकरी-वरणावर राहणाऱ्यांना जशीच्या तशी लावावी काय? आणि उलट, आपल्याकडे बहुसंख्यांचें बी-१२ कमी आहे, म्हणून कमी असणें हेंच आपल्याकडे निरोगीपणाचें लक्षण मानावें काय? दुसरी वाट अधिक धोक्याची. सगळ्या गांवाला हिंवताप आला म्हणून हिंवताप हें आरोग्य ठरत नाहीं. चयापचयाच्या कसोट्यांचा मोठा उपयोग येथेंच आहे : काम अडलेलें आहे, एवढें तरी त्या निःपक्षपातानें सांगतात.

एवढा काथ्याकूट कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर त्या सहा खेड्यांतील मुलांनीं दिलें आहे. तीं सहा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांची तपासणी करण्यांत आली. ज्या मातांच्या रक्तांत गरोदरपणीं बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर होतें, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक आढळली. मधुमेहाची वाट ती हीच. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळेंच दुसरी झाली, असें लगेच म्हणतां येत नाहीं. म्हणून २०१२ सालीं याच संशोधकांनीं पुढचें पाऊल टाकलें आणि वाढत्या वयाच्या त्याच मुलामुलींना बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर त्याचा काय परिणाम होतो, हें पाहण्याचा प्रयोग आरंभिला.

आपल्या देशांत १९७० सालापासून गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना आहे. त्या गोळ्यांचें महत्त्व कमी लेखण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. फॉलिक आम्लामुळें गर्भाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष टळतात, हें १९९१ सालीं निर्विवाद सिद्ध झालें आहे. कोणीहि त्या गोळ्या बंद करूं नयेत. प्रश्न आहे तो दुसऱ्या जीवनसत्त्वाचा, आणि तें कमी आहे हें ओळखण्याचा. हिमोग्लोबिनचा आंकडा सुधारला म्हणून सारें ठीक आहे, असें मानण्याची चूक वैद्यकशास्त्रानें एकदां पाहिलेली आहे. तीच चूक खेड्यापाड्यांतून लक्षावधि मातांच्या बाबतींत पुन्हां होऊं द्यावयाची कीं नाहीं, हें पुष्कळसें आपण कोणती कसोटी वापरतों आणि ती कशी पारखून घेतों, यावर अवलंबून आहे.

लूसी विल्स यांच्याजवळ एक सूक्ष्मदर्शक होता आणि समोर आजारी स्त्रिया होत्या. आज आपल्याजवळ रेणूंचें वजन करणारीं यंत्रें आहेत. साधनें पालटलीं, पण विल्स यांना पडलेला प्रश्न, ‘ही बाई खरोखर बरी होत आहे काय?’ हा तसाच उभा आहे. पुढच्या वेळीं रक्तपरीक्षेचा कागद हातीं येईल, तेव्हां आंकड्याबरोबर दोनतीन साध्या गोष्टी डॉक्टरांना अवश्य विचाराव्या : ही तपासणी कोणत्या पद्धतीनें केली? रक्त काढल्यापासून यंत्रांत जाईपर्यंत किती वेळ गेला? दुसऱ्या एखाद्या कसोटीनें हाच निष्कर्ष निघतो काय? असे प्रश्न विचारण्यांत डॉक्टरांवर अविश्वास नाहीं. ज्या शास्त्रानें आपल्या प्रत्येक तराजूला पुन्हां तराजूंत घातलें, त्या शास्त्राची रीतच ती आहे. शहरांतील सुशिक्षित घरें हे प्रश्न विचारूं लागलीं, तर किन्हीराजाच्या सुनेच्या कुपीसाठीं बर्फाची पेटी मागणारा आवाजहि एक दिवस त्यांतूनच उठेल.